चुना कोरडा राहिला तर

शेवटचं एकत्र काय केलं म्हणाल, तर रेवदंड्याच्या एका गाळ्यात बसून आम्ही दोघं सायकलच्या भोकात बोट घालत होतो. बोट हिचं. मी नुसता पिशवी धरून. दुकानदाराला तिनं सीट उपसायला लावली, उघड्या नळीत बोट मुळापर्यंत घातलं, गोल फिरवलं, बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाली, "आतून दाखव."

"मावशी, आतून अजून काय दाखवू? सायकल हाय ती, फणस न्हाय."

"फणस असता तर मी वरनंच सांगितलं असतं."

ही माझी बायको. नाव लिहीत नाही. सेहेचाळीस वर्षं तोंडानं घेतलं नाही, आता घेऊन काय ती वळून बघणार आहे? पुलापलीकडच्या आमच्या बाजारात तुम्ही कधी सुकी मासळी घेतली असेल, तर तुमचंही तिच्याशी एकदा तरी वाजलं असेल. दुसऱ्याच्या मालाला "आतून दाखव" म्हणणारी आणि स्वतःच्या बोंबलाच्या जुडीला कुणी हात लावला की "घ्यायचं तर घे, कुस्करू नको" म्हणणारी ती हीच. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तसं केलं तर मला लिहायला चार ओळी उरतील.

कलिंगड, ब्लाउजचं अस्तर, पाण्याची टाकी, सगळं तिला आतून बघायचं असे. मुलासाठी मुलगी बघायला गेलो, तर पोहे यायच्या आधी ही उठून सरळ त्यांच्या मोरीत. मी शरमेनं चपला शोधायला लागलो. बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाली, "मोरी कोरडी हाय. सोयरीक करा." तीच आमची सून. दोघींचं रोज भांडण व्हायचं, पण मोरी दोघींनी मिळून कोरडी ठेवली.

आमची ओळख उरणकडच्या मिठागरावरची. मी टोपल्या वाहायचो, ती फळीनं मीठ ओढायची. पहिल्याच दिवशी मला थांबवून म्हणाली, "पाय दाखव. भेग हाय ना? मग मिठात कशाला नाचतोस?" आणि आपल्या डब्यातलं खोबरेल दिलं. हे प्रेम होतं असं तिनं कधी कबूल केलं नाही. म्हणायची, तू लंगडत होतास, मागच्यांचं काम अडत होतं. लग्नाआधी मी 'तू' होतो, लग्नानंतर 'तुमी' झालो. जन्मात झालेली तेवढीच माझी बढती. नंतर मी टेम्पो चालवला आणि तिनं मासळी विकली. कमाई तिची जास्त होती. हे ती चारचौघांत बोलायची नाही. घरात रोज बोलायची.

मिठागरावर तिनं एक गोष्ट पक्की केली होती. लोखंड वरून चांगलं दिसतं तेव्हाच त्याच्यापासून जपायचं. तिच्या डोळ्यांदेखत पंपाखालचा रंगवलेला लोखंडी घोडा, ज्याच्यावर पंप उभा असतो तो, एका सकाळी नुसता गुडघ्यात बसला. वर हिरवा रंग नवाकोरा, आत नुसता भुगा.

आता सायकल कशाला, तर नातीला. सोळा वर्षांची आहे. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या कामातून उरलेली माती गावामागं टाकली होती, तिचे पोरांनी ढिगारे रचले. एका ढिगाऱ्यावरून सायकलसकट उडायचं आणि दुसऱ्यावर उतरायचं, हा खेळ. पोरी बघायला जायच्या, आमची उडायला गेली. तीही बापाच्या कॅरियरवाल्या काळ्या सायकलवर, जिच्यावर मी एके काळी तांदळाचं पोतं आणलेलं. एके दिवशी उतरताना पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. हनुवटीला पाच टाके.

मुलगा म्हणाला, "बंद. पोरीच्या जातीला हे धंदे कोण सांगतंय?"

ही बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती पडली न्हाय. सायकल मोडली. दोन्हीत फरक हाय."

"आई, उद्या मान मोडंल."

"म्हणून तर मोडनारी सायकल नको. उड्या ती मारनारच हाय. तू बंद कर, ती शेजाऱ्याची सायकल घेऊन मारंल. मंग टाके कुटं घालशील?"

मी दोघांच्या मधे बोललो नाही. मला दोन्हीकडून जेवायचं होतं.

मग नातीनं आजीला धडे दिले. उड्या मारायची सायकल वेगळी असते. बुटकी, आखूड, सीट पार खाली, चाकं जाड. पुढं थोडा दबणारा शॉकअप. गियर नको, कारण मोडायला एक गोष्ट कमी. ब्रेक एकच, तोही मागं. नवी पाहिजे तर किंमत ऐकून मी तंबाखू थुंकली. हिच्याकडं बाजारातून मागं टाकलेले पंधरा हजार होते, त्याच्यावर रुपया नव्हता. आणि हिचं म्हणणं ठाम. "पंध्रा हजारात सगळं चांगलं भेटनार न्हाय. हाडं चांगली घ्यायची. मांस मागून भरता येतं." म्हणजे सांगाडा आणि चिमटा बघायचा. टायर, पेडल, मुठी गेल्या खड्ड्यात.

मुंबईहून जुन्या सायकली आणून विकणारा तो दुकानदार चाळिशीचा, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर. त्यानं आधी हिरवी दाखवली. काय दिमाख! पुढंमागं शॉकअप, एकवीस गियर, पाण्याची बाटलीसुद्धा. बारा हजार. मी लगेच हो म्हणालो. हिनं पुढच्या शॉकअपवर दोन्ही हातांनी भार दिला. तो खाली बसला तो बसलाच.

"तुमच्यासारखा हाय," मला म्हणाली. "एकदा बसला की उठत न्हाय."

मग त्यानं मागून एक काळी काढली. खरवडलेली, गियर नाही, पुढचा ब्रेक नाही, स्टँड नाही, घंटी नाही. किंमत अठरा. मी म्हटलं, "ह्यात न्हाय-न्हायचेच पैसे घेतोस व्हय?" पण नातीनं मोबाइलवर दाखवली होती ती हीच जात. हिनं शॉकअप दाबला. तो खाली गेला आणि मुकाट वर आला. नळीत बोट घातलं ते तेव्हाच. बोटाला थोडी तांबूस पूड आली. तिनं ती चिमटीत चोळली, फुंकली. "ही वरची हाय. भुगा न्हाय."

एवढ्यात तिला ती रेघ दिसली. पुढचा चिमटा जिथं सांगाड्यात जातो, त्याच्या मागच्या जोडावर केसाएवढी बारीक रेघ.

"रंग उडालाय मावशी."

"रंगच उडालाय की लोखंड?"

दुकानदारानं वाकून बघितलं. माणूस खोटा नव्हता, त्यालाही कळत नव्हतं. उड्या मारताना सगळा दणका तिथंच बसतो हे मला टेम्पोवरून कळत होतं. पोरगी हवेत असताना तो जोड सुटला, तर पाच टाक्यांवर भागणार नव्हतं.

हिनं माझ्याकडं हात केला. "चुना द्या."

"आता तंबाखू खानार का?"

"द्या म्हनते ना."

मिठागरावर पंपाची टाकी अशीच तपासायचे. बाहेरून चुना फासायचा, आत डिझेल भरायचं. चीर असली तर डिझेल झिरपून चुना भिजतो, पिवळा डाग पडतो. माझ्या डबीतला सगळा चुना तिनं त्या जोडाला लावला. दुकानदाराला डिझेल आणायला पिटाळलं, सांगाड्याची बारकी भोकं साबणानं बुजवली, सीटच्या नळीतून डिझेल आत ओतलं, आणि सायकल तोंड खाली करून छताला टांगायला लावली. एवढं सगळं अशा थाटात की दुकान तिचं आणि तो नोकर.

"उद्या सकाळी बगू. चुना कोरडा राहिला तर घेऊ."

"उद्या अकराला अलिबागचा एक गिऱ्हाईक येतोय, मावशी. तो अठरा देतोय."

"तो बोट घालनार हाय का आत? आमी त्याच्या आधी येतो. पंध्रा हजार आनि दोन किलो बोंबील."

"बोंबील?"

"बायको काय म्हनंल ते इचारून घे."

त्यानं खरंच फोन लावला. बायको हो म्हणाली.

बाहेर पडताना ही पायरीवर बसली. कपाळ घामानं डबडबलेलं. मी म्हटलं, "चल म्हातारे, नाटकं पुरे. रिक्षा निघंल."

"गॅस झालाय. सोडा आना."

आणला. अर्धा प्यायली, ढेकर दिला, उरलेला मला दिला. "बघा, गेला." मी उरलेला प्यायलो. गोड लागला. हे लिहायला लाज वाटते, पण लागला.

घरी येऊन तिनं आधी बोंबील तोलले, कागदात गुंडाळले, सुतळीनं बांधून खुंटीला लावले. जेवली. सुनेला मोरीवरून दोन शब्द सुनावले. "जरा पडते, चारला उठवा" म्हणाली. मी चारला उठवायला गेलो.

डॉक्टर आला. म्हणाला, छातीत दुखत होतं का? मी म्हटलं, मला काय माहीत. सून रडत म्हणाली, महिनाभर त्या डावा खांदा चोळत होत्या. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. एका घरात दोघं राहायचो, तो खांदा मला दिसला नाही. मुलगा पनवेलला कामावर होता, तो तिथून आला, आणि रात्री दहाच्या आत सगळं आटपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, खुंटीवरचं पुडकं पिशवीत टाकलं, तिच्या डब्यातले पैसे घेतले आणि चपला घातल्या. डोकं भादरलेला मुलगा ओटीवर बसला होता.

"बाबा, कुठं?"

"संडासला."

"बोंबील घेऊन?"

शेजारचे चुलते पुढं आले. "अरे, सुतक हाय. दहा दिस उंबरा सोडायचा न्हाय. नवीन काही आणायचं न्हाय."

"नवीन कोण आनतंय? जुनी हाय."

"काय जुनी?"

मी आत डोकावलो. आतल्या खोलीत नात भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिला काही सांगितलं नाही. ती नको म्हणाली असती, आणि तिच्या नको म्हणण्यावर मी परत बसलो असतो.

साडेनऊला गाळ्यावर पोचलो. सायकल तशीच उलटी टांगलेली. दुकानदार म्हणाला, "मी हात लावला न्हाय, काका. मावशींनाच बघू दे म्हटलं. कुठंयत?"

"गेली."

"कुठं?"

"मसणात. काल."

तो स्टुलावर बसला. चष्मा कपाळावरून खाली घसरून नाकावर आला. मी टांगलेल्या सायकलच्या खाली गेलो. चुना पांढराफटक, उन्हात वाळलेल्या भिंतीसारखा. नखानं खरवडला. कोरडी पूड पडली. पुन्हा खरवडला, कारण म्हातारे डोळे खोटं बोलतात. कोरडा. तरी दुकानदाराला म्हटलं, तू बघ. त्यानं बघितलं, बोट लावलं, बोटाचा वास घेतला. "डिझेल न्हाय. रंगच होता काका."

पैसे त्यानं मोजले नाहीत. बोंबील घेईना. म्हणाला, "असू द्या, सुतकात कसे घेऊ?"

"धर. ठरलंय. तुझी बायको वाट बघत असंल."

त्यानं घेतले. डिझेल काढलं, सांगाडा पुसला, सीट बसवली. मी म्हटलं, वर घे जरा. तो म्हणाला, ह्या सायकलीची सीट वर घेत न्हाईत, काका.

रिक्षावाल्यानं सायकल घेतली नाही. मग ढकलत पूल चढलो. अर्ध्यावर थांबलो, खाली खाडीत होड्या निघाल्या होत्या. दमलो होतो. पाय पलीकडं टाकून बसलो, तर गुडघे थेट कानाला. बावीस वर्षांत सायकलवर बसलो नव्हतो. पुढं पुलाचा उतार होता. पाय उचलले आणि सोडून दिलं. टोपी उडाली, ती तशीच जाऊ दिली. समोरून येणारा एक रिक्षावाला हात हलवून ओरडला, "ओ आजोबा, ब्रेक मारा!"

मारला नाही.