कार्टिलेजच्या जागी फॅट

लॅबमध्ये काचपट्ट्या धुता धुता माझ्याजवळ इतके किस्से साचले, की एक सांगायला घेतला तर चार मागून ढकलतात. सांगताना हसू येते, अन् मग डोकं फिरते. ऐंशीनंतरचे दिवस. सौंसरच्या कॉलेजात मी लॅब अटेंडंट, सातवी पास!

*

झूलॉजीचे सर शिकवायचे, "शरीर जोडून ठेवणारे टिश्यू, त्यांत सेल वेगवेगळे. पाठ करा!" दाखवायचे नाहीत. मायक्रोस्कोप कपाटात, चावी ॲप्रनच्या खिशात.

मी विचारलं, "सर, अंडी उबवून राहिले का ते आतमध्ये?"

आठ दिवस बोलले नाहीत. सुखाचे गेले!

*

एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, फॅटचा सेल कसा दिसते?"

"जामसांवळीच्या मारुतीला नारळ फोड, पास होशील."

म्हटलं, "मग पगारही मारुतीरायालेच द्या ना!"

*

त्याच वर्गात रामाकोना गावची कुसुम. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राबायचा. त्यानं बजावलं होतं, "फेल झाली, का शिक्षण बंद." तिनं स्लाइड पाहायला मागितली, तर सर म्हणाले, "तुमच्या लोकांनी पाठ केलं तरी खूप झालं."

माझ्या हातात काचेचा जार होता. खाली ठेवला, म्हणून सर वाचले!

*

सर जेवायला घरी जायचे, ॲप्रन खुंटीवर. मग काय, कपाट उघडं! कुसुमनं भिंगाला डोळा लावला.

"काका, कार्टिलेज म्हणजे एका टरफलात दोन-दोन शेंगदाणे! फॅटचा सेल अंगठीसारखा, खडा कडेला. अन् हा मास्ट सेल, भरलेलं कणीसच!"

वर्षभरात सरांनी एवढं सांगितलं नव्हतं.

*

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सर ट्यूशनवाल्या पोट्ट्यांना हळूच सांगून राहिले होते, "एक नंबरच्या मायक्रोस्कोपवर कार्टिलेज, दोनवर हाड, तीनवर फॅट, चारवर मास्ट सेल." मी तिथंच झाडू मारत होतो. झाडणाऱ्याला कान नसतात, असं त्यांना वाटे!

सकाळी मी चारही स्लाइड इकडच्या तिकडे केल्या.

*

एक्झामिनर बाहेरगावचे. ट्यूशनवाल्यांची उत्तरं हुबेहूब सारखी, कुसुमची वेगळी. सर तिचा पेपर हलवत ओरडले, "चारही चूक! शून्य द्या हिला!"

कुसुमचा चेहरा पांढराफटक.

एक्झामिनर एकेका मायक्रोस्कोपवर वाकून आले. मग म्हणाले, "सर, एक नंबरवर काय आहे?"

"कार्टिलेज!"

"बघून सांगा."

सर वाकले. एक मिनिट झालं, दोन झाले. घामानं कॉलर ओली.

"लाइटच नाही यात!" सर म्हणाले.

मागून कुसुम बोलली, "सर, भिंगावरचा डोळा उघडा ठेवावा लागते."