घर जसं दिलं तसं परत

माझ्या समोरच्या दारात पान्या राहायचा. प्लंबर. नळाचा पाना कायम मागच्या खिशात, म्हणून हे नाव मीच ठेवलं. बायको दवाखान्यात रक्त तपासायची. दोघांचा एकच जप होता: अजून दोन वर्षं याच भाड्यात निघाली, की स्वतःच्या घरासाठी भरायची पहिली रक्कम जमेल.

त्यांची घरमालकीण म्हणजे कुलूपमावशी. घरं तीन, राहणार एकात, आणि उरलेल्यांच्या किल्ल्या कमरेला. म्हणायची, "आजकालच्या पोरांना घर का जमत नाही? बाहेर जाऊन कॉफ्या ढोसतात!" पान्यानं कॉफी कधी ढोसली मला माहीत नाही. मी स्वतः घर घेतलं तेव्हा अक्कल लागत नव्हती, म्हणून तर मला मिळालं.

मावशीच्या करारात एक कलम होतं: घर जसं दिलं तसं परत करायचं. दिलं तेव्हा कसं होतं? भिंतीला ओल, फ्लश मुका, नळ रडका. मावशी म्हणाली, "तू प्लंबर ना? मग बघ की तुझं तू." पान्यानं बघितलं. नळ बदलले, पाइप बदलले, फ्लश बोलता केला, ओल बंद केली, गिझर लावला. सगळं पदरचं. जुनं सामान मात्र कलमाला घाबरून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलं.

आणि एका रविवारी सकाळी मावशी गिऱ्हाईक घेऊन हजर. घर विकायला काढलं होतं. सोन्याच्या काड्यांच्या चष्म्याचे एक गृहस्थ. मीही मागून घुसलो. मला कुणी बोलवावं लागत नाही.

घर विकलं गेलं की दोन वर्षांचा हिशेब बोंबलला. पान्यानं गिऱ्हाईक पळवायचं ठरवलं.

"साहेब, खरं सांगतो, ही भिंत गळते."

गृहस्थांनी भिंतीवर हात फिरवला. कोरडी ठाक.

"पाण्याला जोर नाही."

गृहस्थांनी नळ सोडला. बाही कोपरापर्यंत भिजली.

"बघितलंत?" मावशी फुलली. "पोटच्या पोरासारखं जपलंय हो मी हे घर!"

हे मात्र पान्याच्या डोक्यात गेलं. त्यानं पाना काढला आणि मेन कॉक बंद न करताच नळ फिरवायला घेतला.

"अरे ए! काय करतोस?"

"नळ माझा आहे, मावशी. तुमचा माळ्यावर आहे, गंजासकट. घर जसं दिलं तसं परत."

पाण्याचा फवारा थेट सोनेरी चष्म्यावर. मावशी किंचाळली, "चोरा! माझं घर ओरबाडतोस?"

"ओरबाडत नाही. तुमची गळती तुम्हाला परत करतोय."

मी हसलो. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, की माझ्याही घराची किल्ली मागेल असं वाटलं.

शेवटी गृहस्थांनीच वाकून कॉक बंद केला. चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "उगाच धडपड करताय. आम्ही आतलं सगळं फोडूनच काढणार आहोत. नळ, फरशा, सगळं. तुम्ही प्लंबर ना? नवं काम तुम्हीच घ्या हवं तर."

पान्याच्या हातातला पाना तसाच राहिला. दारातून त्याची बायको म्हणाली, "घेईल की काम. मग घर भाड्यानं आम्हालाच द्याल?"

"छे हो! भाडेकरू ठेवले की घराची नासाडी होते. बंदच ठेवणार. गुंतवणूक आहे ती."

ज्यानं ते घर बांधून दिल्यासारखं दुरुस्त केलं, त्याच्या तोंडावर हे. आणि मावशी मान डोलावतेय! दोघांनाही त्या बोलत्या केलेल्या फ्लशमध्ये घालून ओढावं, असं माझ्या मनात आलं. ते दोघं कागदपत्रांचं बोलत जिना उतरले.

पान्या ओल्या फरशीवर उभा.

"आता थांबलास कशाला?" बायको म्हणाली. "गिझरही आपलाच आहे."

स्टूल मी धरलं.