सगळी रांग मावशींच्याच खिडकीला

बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी बारावीत होते. आई रोज आमच्या परंदवडीहून बेगडेवाडी स्टेशनला येऊन, लोकल धरून लोणावळ्याला बंगल्यांची झाडलोट करायला जायची. त्या कमाईवर मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. सांगायला लाज कसली! पुढे पवनानगरच्या एका बँकेत लागले, तात्पुरती. तिथं मला भेटल्या सुमनमावशी, शाखेतल्या सगळ्यात जुन्या कारकून. महिन्यापूर्वी त्या गेल्याचा फोन आला आणि मला ते पहिलं वर्षच आठवत राहिलं...

त्याच वर्षी शाखेत संगणक आले. कुठल्याही खिडकीवर कुठलंही काम होऊ लागलं. पण माझ्यापुढे चिटपाखरू नाही आणि मावशींपुढे दारापर्यंत रांग. एका आजींना म्हटलं, "इकडे या, लगेच करून देते." त्या जागच्या हलल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे बाय. ना तू आमाला वळखत, ना आमी तुला. पैसं कुनाच्या हातात द्यायचं?"

वरच्या ऑफिसात मात्र फक्त आकडे दिसत होते, कुणी किती व्यवहार केले त्याचे. शाखेच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "मशीनमुळे काम भराभर होतंय. एक माणूस जास्त आहे, असं वरून आलंय." जास्त कोण, ते मला कळलं. घरी काय सांगू, म्हणून मी मावशींपुढे रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली आणि बाहेर रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

"मावशे, संप हाय व्हय आज?"

"संप न्हाई, सोयरीक जुळवतीय. चला हितं." एकेकाला हाताला धरून माझ्यापुढे आणू लागल्या. "ही परंदवडीची लेक. आई लय राबली, तवा शिकली. अन् पोरी, हे नामदेव आबा. ऐकायला कमी येतं, मोठ्यानं बोल."

"मोठ्यानं कशाला? मी काय भैरा हाय?" आबा ओरडले, आणि अख्खी रांग हसली.

हे कित्येक दिवस चाललं. माझे व्यवहार वाढत गेले, मावशींचे जवळजवळ थांबले. साहेब वैतागले, "मावशी, अशानं तुमचीच बदली होईल हो!"

"व्हऊ द्या की. मला कुटंबी चार माणसं वळखतील. हिचं अजून बूड टेकायचंय."

बदली झालीच, लोणावळ्याला. निवृत्तीपर्यंत रोज आधी जीप, मग लोकल, असा प्रवास त्यांनी केला. संगणकाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. उलट म्हणायच्या, "बरं झालं बाय, बेरजा करायचं सुटलं. आता मान वर करून मानसाशी बोलता येतं."

पुढे कायम होऊन आज मी त्याच शाखेत अधिकारी आहे. नवा कारकून आला की पहिले काही दिवस त्याला घेऊन मी रांगेत उभी राहते, नावं सांगते, गावं सांगते... संगणक तीनदा बदलले. मावशींनंतर आमच्या शाखेतून 'जास्त' म्हणून आजवर एकही माणूस गेलेला नाही.