समुद्राकडचा नाच

आखातात, वादी कबीरला आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एक सिंहली जोडपं राहायचं. तो नाच शिकवायचा. सगळी बिल्डिंग त्याला ‘सर, सर’ करायची. वरचा ढोल थांबला की भांडी आदळायची, आणि मग तिचं ओरडणं. माझं टाळकंच सरकायचं. एकदा हातातलं लाटणं घेऊनच वर गेले, तर दार उघडून हा हसत म्हणतो, "नमस्ते भाभी." मेला साळसूद!

"चल माझ्याबरोबर," मी तिला कितीदा म्हटलं. मोडक्या हिंदीत ती एकच सांगायची, सरांविरुद्ध माझं कोण ऐकणार?

तो कँडीच्या डोंगरातला. तिकडच्या नाचात चेहरा उघडा, अंगावर चांदी, थाट दरबारी. ती दक्षिण किनाऱ्यावरची. तिचे वडील लाकडी मुखवटा चढवून, आजाऱ्याचं भूत उतरवायला नाचायचे. मधल्या मुलखाचा आणखी एक नाच असतो म्हणे, पण या घरात मारामारी या दोन नाचांचीच. तिच्या नाचाला तो भुताटकी म्हणायचा.

जवळच्याच रुवी भागातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. डोंगरी नाचात ती पुढे उभी राहणार होती. त्याच सकाळी तालमीत तिचं पाऊल चुकलं, तर या राक्षसाने पायातले जड चाळ सोडून तिच्या तोंडावर हाणले. डोळा मिटला, ओठ फाटला. असलं तोंड डोंगरी नाचात दाखवणार कसं? आणि ती दिसली नाही तर लोक विचारणार. शेवटी त्यानेच माळ्यावरून तिच्या वडिलांचा मुखवटा काढून तिच्यापुढे फेकला. "नाच तुझं भूत!"

संध्याकाळी स्टेजमागे मुखवटा मीच बांधला. लाकूड जखमेवर घासलं तशी ती कळवळली. सोडते म्हटलं, तर माझा हात झटकला तिने.

काय नाचली हो! स्टेज हादरत होतं. नाच संपला तशी ती त्याच्यासमोर येऊन थांबली. तो पहिल्या रांगेत पाहुण्यांबरोबर बसला होता. तिने मुखवटा काढला. काळानिळा डोळा, हनुवटीवर रक्त. लोकांना वाटलं मेकअप आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तोही वाजवत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्चीवर चढून हिंदीत ओरडले, "अरे, रंग नाही तो! रक्त आहे! याने मारलंय तिला!"

टाळ्या थांबल्या. सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. ती खाली उतरली, मुखवटा त्याच्या मांडीवर आपटला आणि माझा हात धरून म्हणाली, "यल्ला, भाभी, चलो."