चौकातली ब्राँझची पाटी

त्या पाटीची केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. न्यू जर्सीतल्या एका जुन्या गावात मी डिटेक्टिव्ह होतो. गावाच्या मधोमध मोठा चौक. त्याचा इतिहास सांगणारी ब्राँझची पाटी एका सकाळी गायब झाली. धातू चोरणारे पहार घालून दगड फोडतात. इथे मात्र चारही स्क्रू काढून कट्ट्यावर ओळीत ठेवले होते. चोर कसला, शिस्तीचा माणूस!

खबर भंगारवाल्याने दिली. एका म्हाताऱ्याने पाटी आणली, भाव विचारलाच नाही. माझ्यासमोर वितळवा, एवढाच हट्ट. उद्या या सांगून भंगारवाल्याने पाटी ठेवून घेतली आणि आम्हाला फोन केला. दुकानाच्या कॅमेऱ्यात चेहरा पाहिला. आमच्या मराठी मंडळातले काका! लायब्ररीतून रिटायर झालेले. पाटीवरचा मजकूर त्यांचाच, खाली नावही त्यांचंच. आम्हाला केवढा अभिमान होता त्याचा.

ओळख असल्याचं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्याशीच बोलतील, तूच बस. काकांना त्यांचे हक्क वाचून दाखवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी विचारलं, "काका, स्वतःचीच पाटी का वितळवायची?"

"मी खोटं लिहिलंय रे तिच्यावर."

पाटी म्हणत होती, ही मोकळी कुरणाची जमीन गावाला दान मिळाली. पुढे चर्चच्या एका जुन्या वहीत काकांना सापडलं, की तिथे गुलामांना पुरत असत. कबरी हलवल्याची नोंद कुठेच नाही. वर हिरवळ लावली, संपलं. सहा वर्षं काका कौन्सिलला पत्रं लिहीत होते. उत्तर एकच, बघू. आणि आता डॉक्टरांनी त्यांना मुदत दिली होती.

"मला माझ्या नावावर ते ठेवून जायचं नाही," ते म्हणाले.

मी चोरीचा गुन्हा नोंदवला. कबुली रेकॉर्डवर होती, दुसरं काय करणार? त्यांची सगळी पत्रं फाइलला जोडली, तेवढंच. कोर्टाच्या तारखेआधीच काका गेले. फाइल बंद झाली, पत्रांसकट.

केस संपली की मुद्देमाल मालकाला परत द्यायचा असतो. मालक म्हणजे गाव. मी फॉर्मवर सही केली. आठवड्याभरात पाटी होती तिथे बसली.

चोरीचा माल परत मिळवून दिला की आपलं काम झालं, असं मी नोकरीभर मानत आलो. त्या केसनंतर तसं म्हणायला जीभ रेटत नाही. काकांचं नाव आजही त्या खोट्याखाली आहे, आणि ते मी तिथे परत लावलंय.