एकही गल्ली न सोडणारा

कॉलेज रोडच्या गेमिंग पार्लरमध्ये दर सोमवारी माझ्या शेजारी दिंडोरीकडचा एक द्राक्षवाला बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बोटांवर फवारणीच्या औषधाचे निळे डाग असायचे. तलवारीच्या एका गेममध्ये आम्ही सगळे थेट राक्षसाकडे धावायचो. हा मात्र आधी गेममधल्या गावातली गल्ली न् गल्ली फिरायचा. राक्षसाने त्याला आठव्यांदा मारलं, तेव्हा मी म्हणालो, "दादा, ईझी मोडवर टाका ना. फार रटाळ गेम आहे हा."

स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला, "रटाळ नाय हो. फवारताना बागेतली एक ओळ सुटली, तर रोग तिथूनच घुसतो. माझीच कुठली तरी गल्ली राहिली असंल."

आणि तो पुन्हा वेशीपासून चालू लागला.

त्या गेमला मी नेटवर एकच स्टार दिला होता. त्यातली एकही गल्ली न पाहता.