डोळे मिटून तपासलेली गाठ

कड्याच्या पायथ्याशी असलेल्या साहसशिक्षण केंद्रात गेली चौतीस वर्षे दोर आणि गाठी शिकवणाऱ्या बाईंना सारे जण मावशी म्हणत. खऱ्या मावशी मात्र त्या केंद्रप्रमुखांच्या. त्यांच्या अध्यापनात एक रीत होती आणि तिचे पालन त्या नित्यकर्माच्या निष्ठेने करीत. चढाईपूर्वी प्रत्येकाने सोबत्याची गाठ डोळे मिटून, बोटांनी चाचपायची. शेवटी कोणीतरी खुद्द मावशींचीही.

"डोळे त्यांना हवे तेच पाहतात," त्या म्हणत. "बोटांना तेवढी अक्कल नसते."

या रीतीवर आता गदा आली होती. केंद्रात नवे यंत्र आले होते. टॅबलेटसमोर उभे राहिले की त्यातील कृत्रिम बुद्धिमत्ता गाठ पारखी आणि यादीतल्या नावापुढे हिरवी खूण करी. पाऊण तासाचे काम चार मिनिटांत उरके.

"मावशी, आजची तुकडी शेवटची," केंद्रप्रमुख असलेला भाचा म्हणाला. "उद्यापासून चाचपणी बंद. लोकांना चढायला तरी वेळ मिळेल."

"तुला बुटाची नाडी बांधायला कोणी शिकवलं रे?"

"तूच. अजून सुटते ती."

मावशी हसल्या, पण हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे कमरेचे पट्टे, अंगावर चढवताना त्यांचे हात अंमळ रेंगाळले. यंत्राशी त्यांचे वैर नव्हते. पहिल्याच दिवशी त्याने एकाची उलटी ओवलेली पट्टी ओळखली, तेव्हा त्यांनी त्याला मोकळ्या मनाने शाबासकी दिली होती. खंत एवढीच, की दुसऱ्याच्या दोराला हात लावताना त्याच्या प्राणांचा जो भार माणूस क्षणभर स्वतःवर घेतो, तो आता कोणी घेणार नव्हते.

त्या दिवशी शाळाशिक्षकांची तुकडी होती. त्यांत गणिताचे एक स्थूलकाय सर होते, शंकांचे केवळ अक्षय्य भांडार. सोबत्यांच्या गाठी चाचपून झाल्या. दोर घेऊन सर्वांआधी मावशींनी चढायचे होते. त्यांनी दोराला आठाचा आकार दिला, टोक हार्नेसमधून ओवले आणि ते त्याच आठाच्या मागोमाग परत फिरवणार, तोच सरांनी विचारले, "मावशी, हा दोर किती वजन पेलतो हो?"

"तुमच्यासारखे वीस."

"जेवणाआधीचे की नंतरचे?"

हशा पिकला. हसत हसत मावशींनी सरांच्या हेल्मेटचा पट्टा आवळला. तोवर यंत्राने सगळ्या हिरव्या खुणा करून "सर्व प्रशिक्षणार्थी सज्ज" असे जाहीर केले.

"चला!" भाचा म्हणाला.

"थांब. शेवटचा दिवस आहे ना? मग रीत पुरी होऊ दे. या सर, माझी गाठ बघा."

भाच्याने घड्याळाकडे पाहिले. सरांनी पूजेला बसल्यासारखे डोळे मिटले आणि बोटे दोरावरून सरकवली.

"मावशी, हा दोर आत जातो... पण परत येतच नाही."

मावशींनी खाली पाहिले. गाठ अर्धीच होती. भाच्याने झटकन टॅबलेटवरची यादी पाहिली. यंत्राचा दोष नव्हता. त्याच्या यादीत शिकणाऱ्यांचीच नावे होती. शिकवणारीचे नाव घालावे, हे कोणाच्या मनातच आले नव्हते. दिव्याखाली अंधार, तो असा.

मावशी दगडावर बसून खदखदून हसू लागल्या. "चौतीस वर्षं! आणि पकडलं कोणी, तर सकाळी ज्यांनी हेल्मेट उलटं घातलं होतं त्यांनी!"

"मग झाली की बरोबरी," सर म्हणाले.

मावशींनी गाठ पुन्हा, या खेपेस मुकाट्याने, पुरी केली. भाच्याने टॅबलेटवरच्या यादीत सर्वांत वर मावशींचे नाव लिहिले. मग टॅबलेट बाजूला ठेवून तो त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने डोळे मिटले.

"आत गेला. परत आला," त्याने बोटांनी वाट काढत म्हटले.

"आणि उद्या?"

"उद्या आधी यंत्र, मग बोटं. पाऊण तास लागला तर लागू दे."

"शहाणा माझा भाचा. आता ती नाडी बांध."

मावशींनी कड्याला हात लावून नमस्कार केला आणि पहिल्या खाचेत पाऊल रोवले. मागून सरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"सर," मागे न पाहता त्या म्हणाल्या, "पुढची शंका मी वर पोचल्यावर!"